चोविसावं अज्ञात

१२ फेब्रुवारी

मावशीआजी,

अंक तुला पोचलाय, कारण काल तू फोन ठेवलास. कट झाला नाही, ठेवलास. मला फरक कळतो.

म्हणजे पान छप्पन तू वाचलंस. पणजोबांवरचा माझा लेख बेचाळिसाव्या पानावर सुरू होतो, चांगली चौदा पानं, आणि तो संपतो न संपतो तोच त्या प्रोफेसर बाईंची टिप्पणी. जर्नलवाल्यांची पद्धतच आहे तशी, लेख एकाचा आणि पुढे लगेच दुसऱ्याने त्याला धुवायचं. त्यातलं ते वाक्य मला आता पाठ झालंय. ‘धर्मासाठी गणित मांडल्याचा दावा करणाऱ्या या बाइंडरच्या मांडणीत, ज्याला काम करता येत नाही त्याच्या वाट्याला बरोबर शून्य येतं.’

मी हे वाक्य वाचलं तेव्हा लायब्ररीत होते. शेजारचा मुलगा म्हणाला, तुला बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, मला नाही, माझ्या पणजोबांना.

तुला राग आलाय, येणारच. पण माझ्यावर का? मी दीड वर्ष या माणसासाठी घालवलंय. घरात आई सोडून कुणाला माहीत तरी होतं का की पणजोबा पुस्तकं बांधता बांधता काय करत होते? सगळ्यांना ते बाइंडरबाबा. लोक गणिताची पुस्तकं बांधायला टाकायचे, आणि खळ वाळायला लागेल तेवढ्या दिवसांत ते ती वाचून काढायचे. हे तूच मला सांगितलंस. ‘एखादं अवघड असलं की बाबा खळ मुद्दाम पातळ करायचे, म्हणजे वाळायला आठवडा जास्त,’ असं म्हणून तू हसली होतीस. मी ते लेखात घातलंय. पहिल्याच पानावर. ते कुणी वाचत नाही, सगळे छप्पनच वाचतात.

त्या बाईंना मी उत्तर लिहिणार आहे आणि सोडणार नाही.

पणजोबांचं हाताने लिहिलेलं पुस्तक परत पाठवायला थोडा वेळ लागेल. स्कॅनिंगचं थोडं काम बाकी आहे. तू देताना दोन अटी घातल्या होत्यास, बोट ओलं करून पान उलटायचं नाही आणि शिवणीला हात लावायचा नाही. लक्षात आहे माझ्या.

तुझी
घाईबाई

२ मार्च

मावशीआजी,

आईला तू म्हणालीस म्हणे, ‘तिला सांग, माझा मेंदू अजून पायांसारखा झालेला नाही.’ आईने फोनवर तुझा आवाज काढून सांगितलं. मग म्हणाली, ‘तू केलंयस तरी काय?’

मी काय केलं ते सांगते. गणितातलं आहे, पण तुला कळेल. तुला नाही कळणार तर कुणाला कळणार, ते आकड्यांचं टेबल तुझ्या पलंगाच्या पायाशी बसून भरलं गेलंय.

गल्लीत तेवीस कारखाने. जोडेवाला, सुतार, विणकर, बेकरी, पत्र्याचे डबे करणारा, आणि विसावे की एकविसावे स्वतः पणजोबा. प्रत्येकाला बाकीच्यांचं काही ना काही लागतं. पणजोबा दोन वर्षं दारोदार विचारत फिरले, एक जोडा करायला सुताराचं किती लागतं, बेकरीचं किती लागतं. जोडेवाला म्हणाला होता ना, ‘बाइंडरबाबा, जोड्याला पानं लावायचा विचार आहे का तुमचा?’ त्यातून त्यांनी तेवीस समीकरणं काढली. कुणाच्या वस्तूत कुणाचे किती तास गेलेत, आणि म्हणून कुठला भाव न्यायाचा. म्हणजे असा भाव, की देणारा आणि घेणारा प्रार्थनाघरात शेजारी बसले तर दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघता येईल. हे त्यांचे शब्द. एवढं मोठं टेबल, हाताने, पेन्सिलने. मोठमोठ्या लोकांनी हे करायच्या किती आधी, मावशीआजी. मला अजून अंगावर काटा येतो.

आता घोळ. समीकरणं तेवीस, पण ज्या गोष्टी काढायच्या त्या चोवीस. तेवीस भाव, आणि एक हिस्सा, जो प्रत्येकाने काम करता न येणाऱ्यांसाठी बाजूला काढायचा. टेबलात त्याच्यासाठी रकाना आहे. किती काढायचा, ते कुठेच नाही. मी महिनाभर शोधलं. एक समीकरण कमी पडलं की गणित लटकतं. मग मी तो हिस्सा शून्य धरला. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलंय, जे ठरत नाही ते शून्य धरा आणि पुढे चला. फुटनोटमध्ये लिहायला हवं होतं की हे मी केलंय. लिहिलं नाही. वाटलं, पणजोबांनीही हेच केलं असतं.

ते शून्य म्हणजे पान छप्पनवरचं शून्य. त्यांचं नाही, माझं आहे.

आणि निळी पानं तू विचारशील म्हणून सांगते. प्रत्येक भागाच्या आधी एक निळं पान आहे, त्यावर प्रार्थना आहे. मी सगळी वाचली. त्यात गणित नाही. माझे गाइड सर म्हणाले, ‘देव काढून टाक, गणित ठेव. देवाला तपासणारा रेफरी नसतो.’ म्हणून ती लेखात घेतली नाहीत. सरांचं या क्षेत्रात वजन आहे, त्यांचं ऐकावं लागतं. जुलैपासूनची फेलोशिप त्यांच्याच हातात आहे.

आता तरी उत्तर दे. शिव्या दे, पण कागदावर दे.

घाईबाई

१९ मार्च

मावशीआजी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. निळी पानं मी वाचली नव्हती. पहिल्या पानाच्या दोन ओळी वाचल्या, ‘हे प्रभू’ दिसलं आणि बाकीची बाजूला ठेवली. परवा वाचली. जमिनीवर बसून, चौदाच्या चौदा.

सातवं पान असं आहे. तुला माहीत असेल, तरी मी उतरवून काढते, कारण मला ते कुणालातरी सांगायचंय.

‘प्रभू, मोजायला बसण्याआधी. ज्या घरात काम करता न येणारं माणूस आहे, त्या माणसाचं ताट आधी वाढलेलं आहे असं आम्ही धरतो. ते केवढं, हे आम्ही तेवीस जण ठरवणार नाही. तो माणूसच सांगेल तेवढं. तेवढं सगळ्यांनी सारखं बाजूला काढायचं, आणि मग उरलेल्यातून भाव. माझ्या घरी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचे पाय उचलत नाहीत. तिला विचारलं. ती म्हणाली, रोज एक पाव आणि खिडकीपाशी जागा.’

हेच चोविसावं समीकरण. शब्दांत आहे, आकड्यांत नाही. जे आधीच ठरलंय ते त्यांनी मोजायच्या पानांवर घेतलंच नाही, प्रार्थनेच्या पानावर ठेवलं. मी ते पान काढून टाकलं आणि त्या जागी शून्य ठेवलं. आणि छापलं. आणि तुला अंक पाठवला, वर ‘तुझ्या बाबांसाठी’ असं लिहून.

पावावरून एवढा वेळ रडायचं नसतं, माहीत आहे मला.

हिस्सा किती येतो तो मी काढला. गल्लीत अशी नऊ घरं होती, प्रत्येकाने काय सांगितलं ते पुढच्या निळ्या पानांवर आहे. दिवसाच्या दहा तासांतली साधारण सत्तावीस मिनिटं. तेवढी घातली की सगळं टेबल जागच्या जागी बसतं, एकही भाव अडत नाही. मी तीनदा केलं.

आता अडचण ऐक. एडिटर म्हणतात, दुरुस्ती छापू, पण हे निळं पान याच पुस्तकातलं, याच जागेवरचं आणि त्याच वेळचं हे कशावरून? नंतर कुणी लिहून घातलं नाही हे कशावरून? पुस्तक शिवलेलं असतं तर प्रश्नच नव्हता, उघडून दाखवलं असतं.

पुस्तक शिवलेलं नाही. मी उसवलं. पाठ जाड होती, मशिनवर पान सपाट बसत नव्हतं, आतल्या ओळी काळ्या यायच्या. दुकानातला म्हणाला, ‘ताई, दोरा कापला की दहा मिनिटांत होईल.’ मी म्हटलं, कापा. पाढे म्हणावेत तशी तुझी अट मनात म्हणत होते आणि म्हटलं, कापा.

तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. शिवणीची भोकं असतात ना कागदाला, सुईची. निळ्या पानाची भोकं आणि सातव्या फर्म्याची, म्हणजे एकत्र शिवलेल्या सातव्या गठ्ठ्याची, भोकं एकावर एक येतात का, एकाच हाताची, एकाच दोऱ्याची आहेत का, हे तू बघितलंस तर लगेच सांगशील. तू पुस्तकाच्या पाठीवर बोट फिरवून सांगायचीस हे बाबांचं काम, हे माझं, हे त्या खालच्या दुकानातल्या आळशाचं. सातवा फर्मा, आधीचा, नंतरचा आणि निळं पान सोबत पाठवतेय, पुठ्ठ्यात घालून, घडी न घालता. फक्त लिहून दे की ही पानं एकत्र शिवलेली होती. तुझ्या लेटरहेडवर, ‘बाइंडर’ असं लिहिलेल्या.

एकच विनंती. एडिटरना मी आधीच कळवलंय की पुस्तक मला मिळालं तेव्हाच सुटं झालेलं होतं. जुनं आहे, दोरा कुजला असेल, असं. तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. मी स्वतः मूळ वस्तू मोडली हे कळलं तर फेलोशिप गेली, आमच्याकडे याला माफी नाही. तू फक्त भोकांचं लिही. दोरा कुणी कापला ते तुला कुणी विचारलेलं नाही, म्हणजे सांगितलं नाही तर ते खोटं होत नाही.

पणजोबांसाठी कर.

घाईबाई

११ एप्रिल

तुझं कार्ड आलं. दोन महिन्यांनी चार ओळी.

‘भोकं जुळतात. सातवा फर्मा, पाच टाके, बाबांचा हात. तसं संपादकांना लिहून दिलं आहे. शिवण साबूत असताना पुस्तक दिलं होतं, ती नातीने उसवली, तेही लिहिलं आहे.’

खाली सही, आणि सहीखाली ‘बाइंडर’. मावशीआजी नाही.

मी तुला तेवढं एकच मागितलं होतं. तुला खोटं बोल म्हटलं नव्हतं, गप्प बस म्हटलं होतं. तुला माहीत होतं माझं काय जाणार आहे. मी स्पष्ट लिहिलं होतं.

मी आईला फोन करून खूप बोलले तुझ्याबद्दल. आई म्हणाली, ‘तिने आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं नीट केली, तुझ्यासाठी एक वाकडं करणार होय?’ मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूने आहेस. आई म्हणाली, ‘मी भाजी चिरतेय,’ आणि फोन ठेवला. तुमच्या सगळ्यांचं फोन ठेवणं सारखंच आहे.

सरांनी आज बोलावलं होतं. खोलीत हीटर चालू, दार बंद. म्हणाले, तुझ्या आजी किती वर्षांच्या? मी म्हटलं, शहाऐंशी. ‘मग झालं तर,’ ते म्हणाले. ‘शहाऐंशीव्या वर्षी दिलं होतं कसं आणि मिळालं कसं, हे कुणाच्या लक्षात राहतं? एक ओळ लिहून दे, आजींच्या आठवणीबद्दल आदर आहे, पण. त्या पणच्या पुढे एडिटरला काही लागत नाही.’

मी विचारलं, मग भोकांचं? त्यांची आठवण धरायची नाही तर मग भोकांचंही धरता येणार नाही ना?

‘ते जातं त्यात,’ सर म्हणाले. ‘एक समीकरण गेलं. माणूस गेलेलाच आहे.’

म्हणजे असं आहे. तुला विसरभोळी ठरवलं तर मी वाचते आणि पणजोबांचं शून्य कायमचं. तुझं खरं म्हटलं तर त्यांचं समीकरण राहतं आणि मी जाते. तीस तारखेला जर्नलची मीटिंग आहे. तिकडे काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि तुला हे मुद्दाम लिहितेय, म्हणजे तुलाही थोडी झोप लागू नये.

एक विचारायचं होतं. पणजोबांनी ते पुस्तक विद्यापीठाला पाठवलं होतं तेव्हाची गोष्ट. सुंदर बांधलेलं, कोपऱ्यांना चामडं. आणि तिकडच्या ऑफिसला वाटलं, बांधायला दिलेलं काहीतरी परत आलंय, म्हणून त्यांनी पुस्तक न उघडता बाइंडिंगची मजुरी पाठवून दिली. तू हे मला सांगितलंस तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो होतो. पणजोबा त्या दिवशी हसले होते का? मी कधी विचारलंच नाही.

घा.

३० एप्रिल

मावशीआजी,

मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावर, खिडकी रंगाने चिकटून बसलेली खोली, टेबलावर पाण्याचा जग आणि ग्लास एकच. एडिटर, सर, टाइप करायला ऑफिसमधली क्लार्क, आणि त्या प्रोफेसर बाई, पान छप्पनवाल्या. मला वाटलं होतं उंच असतील. ठेंगण्या आहेत, आणि त्यांना सर्दी झाली होती.

एडिटरनी विचारलं, पुस्तक तुझ्याकडे आलं तेव्हा सुटं होतं की शिवलेलं?

सर माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याच्या जगाकडे बघत होते.

मी म्हटलं, शिवलेलं. पाच टाके. मी कापायला लावलं. तुम्हाला आधी कळवलं ते खोटं होतं, आणि आजींनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. चोविसावं समीकरण पणजोबांचं आहे, शून्य माझं आहे.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. दुरुस्ती छापणार, पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, लहान अक्षरांत. ‘हिस्सा शून्य धरणं हे संपादन करणाऱ्या व्यक्तीचं आहे, मूळ लेखकाने तो निश्चित केलेला होता.’ त्या बाई म्हणाल्या, माझी टिप्पणी मी मागे घेते असंही घाला. एडिटर म्हणाले, जागा नाही. बाई म्हणाल्या, करा जागा. तेवढं झालं. पण उगाच दिलासा वाटून घेऊ नकोस. एका जाड पुस्तकात पान छप्पन आधीच आलंय, ‘ज्याच्या न्यायात आजाऱ्याला स्थान नव्हतं असा एक धार्मिक बाइंडर’, असं. ते पुस्तक अभ्यासाला लावतील. शेवटच्या पानावरची लहान अक्षरं कुणी लावत नाही.

फेलोशिप गेली. सरांनी बाहेर जिन्यात सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू त्यांचंच काहीतरी गेलंय. त्यांच्याबद्दलही तुला एक सांगायचंय. ‘देव काढून टाक’ असं सर कधीच म्हणाले नव्हते. ते मी बनवलं. निळी पानं मी त्यांना दाखवलीच नव्हती. दुकानात दोरा कापला, तिथेच ती चौदा बाजूला काढली आणि पिशवीत घातली. सरांनी बघितली ती आधीच नुसती पांढरी पानं होती.

त्याआधी, मी खोलीतून निघणार तेवढ्यात त्या बाईंनी नाक पुसत विचारलं, ‘पण ती पानं काढलीस का? दोरा कापला ते समजलं, स्कॅनसाठी. पानं का?’

कुणीच हे विचारलं नव्हतं. तूही नाही.

मी म्हटलं, लाज वाटली.

‘कशाची?’

मी म्हटलं, तुमच्यासारखे लोक हे वाचतील आणि म्हणतील, बिचारा देवभोळा, दुकानात बसून प्रार्थना करणारा. मला ते हुशार दिसायला हवे होते. मला त्यांची लाज वाटली. मी इतकी वर्षं ज्या शाळांमधून शिकले तिथे अशी माणसं धड्यात नसतात, धड्याखालच्या चित्रात असतात.

क्लार्कने एडिटरकडे बघून विचारलं, ‘सर, इथे कारण काय टाकू?’ एडिटर म्हणाले, ‘टाका, तांत्रिक चूक.’

मी म्हटलं, तसं नको. लाज वाटली म्हणून, असं लिहा.

एडिटर म्हणाले, ‘अहो, तो रकाना लहान आहे.’

तिने तांत्रिक चूक टाकलं, प्रिंट काढला, आणि मी त्याच्यावर सही केली. इथे रकाना नाही म्हणून तुला लिहितेय. तांत्रिक चूक नव्हती, मावशीआजी. मला तुझ्या बाबांची लाज वाटली.

घाईबाई